हरलेल्या टीमचा फोटो

"थांबा बाप्पा, आधी उभे तर करू द्या सगळ्यांना," असं म्हणत शेजारचे काका आमच्या टीपॉयवरचे कप उचलायचे आणि खाली फरशीवर मांडायला लागायचे. कपात चहा असो वा नसो. साखरेची बरणी म्हणजे सेंटर, दोन कप म्हणजे गार्ड, माझ्या चष्म्याचं घर म्हणजे रेफ्री. सामना कुठला, कधी झाला, कोण जिंकलं, हे मधे विचारायचं नाही. दोन्ही बाजूंचे खेळाडू आपापल्या जागी उभे राहिल्याशिवाय या माणसाला काही आठवायचंच नाही. भांडी कमी पडली की घरातली माणसं लागत. मी स्वतः आमच्या फ्रिजशेजारी किती वेळा फॉरवर्ड म्हणून उभा राहिलो असेन, त्याचा हिशेब नाही.

आणि अशा माणसाकडून एका बास्केटबॉल क्लबचा इतिहास काढून घेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. पडलं होतं म्हणजे त्यांनीच घातलं होतं.

मी मूळचा साताऱ्याचा. चंदीगडला सेक्टर ३९ मधल्या एका सरकारी संस्थेत शास्त्रज्ञांचे अहवाल माणसांना कळतील अशा इंग्रजीत आणणं ही माझी नोकरी. चेंडूशी माझा संबंध शाळेत खिडकीची काच फुटली तेवढाच. काका नागपूरचे. तरुणपणी खेळाडूंच्या कोट्यातून केंद्र सरकारच्या एका कार्यालयात चिकटले, बदली होऊन चंदीगडला आले आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले. "नागपूरचा उन्हाळा आता नाही सोसत," असं ते लोकांना सांगत. चंदीगडच्या जूनमध्ये भर दुपारी घामाघूम होऊन हे सांगणारा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. खरं कारण क्लब होता, आणि ते सगळ्या कॉलनीला माहीत होतं.

क्लबचं नाव मी देत नाही. एक तर वाद नको, आणि दुसरं म्हणजे कोणतं देऊ? मालक बदलला की नाव बदलायचं. पहिल्या मालकाचा इंडस्ट्रियल एरियात ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता, तेव्हा जर्सीवर दातेरी चक्र होतं. दुसऱ्याचे कोचिंग क्लासेस होते, तेव्हा घुबड आलं. तिसरा, म्हणजे आत्ताचा, बिल्डर. त्याने सिंह आणला. या तिघांच्याही राज्यात काका टीमचे मॅनेजर. मॅनेजर म्हणजे गाडीची रिझर्व्हेशनं करणं, मुरगळलेल्या घोट्याला पट्टी बांधणं, कोणाच्या घरी लग्न ठरत असेल तर मुलीकडच्यांना मुलगा चांगला आहे म्हणून सांगायला जाणं. त्यांना नावांबद्दल छेडलं की ते म्हणायचे, "नाव काही का असेना भाऊ, टीम तर तीच आहे नं."

ही टीम एका खासगी व्यावसायिक लीगमध्ये खेळायची आणि मधे एकदा तिने ती लीग जिंकलीही होती. बिल्डरसाहेबांनी मोहालीत नॉलेज सिटीच्या पुढे नवा बंदिस्त हॉल बांधायला घेतला, तेव्हा त्यांना वाटलं, उद्घाटनाला क्लबच्या इतिहासाचं एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक हवं. काकांनी तिथल्या तिथे छातीवर हात ठेवून सांगितलं, "हमारे पास लिखनेवाला है जी, पक्का." मग घरी येऊन मला सांगितलं.

"मला विचारलंत का?" मी म्हणालो.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं नं," काका म्हणाले.

मला वाटलं होतं, दर रविवारी तासभर बसू, महिना-दोन महिन्यांत उरकेल. पहिल्या तीन-चार रविवारांत आम्ही पहिल्या सामन्याच्या पहिल्या काही मिनिटांच्या पुढे गेलो नाही. मी कागद-पेन घेऊन विचारायचो, "काका, पहिला सामना कोणाविरुद्ध?" आणि काका बरणी उचलायचे. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. बेल वाजली की ती आतूनच ओरडायची, "पापा, अंकल आ गए, कप छुपा लो."

कप लपवून उपयोग नसायचा. एकदा त्यांनी आमच्या चपला घेतल्या. काकू शेजारून हाक मारायच्या, "अहो, त्यांना बसू तर द्या, उभं करून ठेवलं काऊन?" तेवढ्यावर मी खुर्ची गाठायचो.

वैताग फक्त सावकाशीचा नव्हता. या माणसाला एकही शब्द वाढवलेला चालायचा नाही. पहिल्या घरच्या सामन्याबद्दल मी लिहिलं, की थंडी असूनही प्रेक्षकांनी गर्दी केली होती. पुस्तकात लिहितात तसंच. काकांनी वाचलं आणि मान हलवली. "थंडी असूनही नाही. थंडी होती म्हणूनच आले होते. हॉलमध्ये मोठमोठे हीटर लावले होते. अर्धी पब्लिक हीटरकडे तोंड करून बसली होती, सामन्याकडे पाठ."

"काका, हे असं लिहायचं का इतिहासात?"

"झालं तसं नाही तर मंग कसं लिहायचं?"

रिंगची गोष्टही अशीच. पहिल्या मालकाने सरावासाठी इंडस्ट्रियल एरियाच्या फेज टूमधली एक शेड रिकामी करून दिली होती. माल तयार करणारा माणूस, त्याला वाटलं बाजारातून रिंग कशाला आणायची, आपल्याकडे लेथ आहेत, वेल्डर आहेत. कारखान्यातल्या लोकांनी हौसेने रिंग बनवली, रंगवली, हार घालून बसवली. ती मापापेक्षा थोडी मोठी झाली. कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलं सरावात एकामागून एक बास्केट टाकायची, मालक टाळ्या वाजवायचा, आणि बाहेरगावी सामन्याला गेलं की तीच मुलं रिंगच्या कडेवर चेंडू आपटत बसायची. कोचने मुलांना मनाचा व्यायाम सांगितला, एका खेळाडूच्या आईने गुरुद्वाऱ्यात अरदास केली. शेवटी काका एक दिवस शिडी लावून चढले आणि चेंडू रिंगमधून हातानेच आतबाहेर करून बघितला. तेव्हा कुठे उलगडा झाला. मालकाचं मन मोडू नये म्हणून रिंग बदलायला आणखी एक सीझन गेला.

ही गोष्ट सांगताना काका हसून हसून खोकायचे. मला ती फार आवडली आणि मी ती जशीच्या तशी लिहिली. बिल्डरच्या ऑफिसात ब्रँड सांभाळणारी एक मुलगी होती, हुशार, सतत फोनवर. तिने पान वाचलं आणि पेन्सिलने आडवी रेघ मारली. "सर, क्यूट है, पर इट डझंट हेल्प अस," ती मला म्हणाली. काकांना हे सांगणं माझ्याकडे आलं. तेव्हापासून माझं काम इतिहास लिहिणं कमी आणि दोन्हीकडचे निरोप पोचवणं जास्त असं झालं.

पण हे सगळं किरकोळ. काकांचा जीव अडकला होता तो एका सीझनमध्ये.

ट्रॅक्टरवाल्या मालकाने ऐन लीगच्या तोंडावर अंग काढून घेतलं. धंद्यात काही गडबड झाली असेल, एक दिवस त्याने फोन उचलणंच बंद केलं. चांगले खेळाडू आठवड्याभरात दुसऱ्या क्लबांकडे गेले. लीगचा नियम असा, की टीम सामन्याला हजर राहिली नाही तर तिची जागा रद्द. क्लब संपला. कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, संपला तर संपला. काका शहाणे नव्हते. त्यांनी कोणाकोणाला गोळा केलं. एक शाळेतला पीटी मास्तर, एक बँकेतला, एक पोलिसातला, एकाचं पटियालाला टायरचं दुकान होतं, आणि असेच आणखी काही. एकेकाळी बरे खेळलेले आणि आता कोणालाच नको असलेले. बिनचिन्हाच्या निळ्या जर्सी घातल्या आणि पूर्ण सीझन खेळले. सगळे सामने हरले. एकूण एक.

या सीझनचा शेवटचा सामना काकांनी मला सांगितला तो दिवस मी विसरणार नाही, कारण त्या दिवशी मी भिंतीला टेकून इतका वेळ उभा होतो की पाय बधिर झाले.

शेवटच्या सामन्यापर्यंत तापाने आणि दुखापतींनी टीम झिजली होती, सहाच जण कोर्टवर पोचले. तिसऱ्या भागात एकाचा घोटा गेला. मग तिघे एकामागून एक पाच फाऊल होऊन बाहेर बसले. बास्केटबॉलमध्ये पाच फाऊल झाले की त्या माणसाचा खेळ संपला. कोर्टवर दोघं उरले, पीटी मास्तर आणि टायरवाला, आणि दोघांच्याही नावावर चार-चार फाऊल. आता या खेळाचा नियम ऐका, मलाही तो तेव्हाच कळला. दोन माणसं असेपर्यंत सामना चालू राहतो. एकच उरला की सामना तिथेच बंद, टीम बाद. आणि लीगने आधीच बजावलं होतं, की सामना अर्धवट राहिला तर क्लबची जागा गेली.

"म्हणजे यातल्या एकाचा जरी हात समोरच्याला लागला असता, तरी क्लब गेला," काका म्हणाले. ते आमच्या दिवाणखान्यात मधोमध उभे होते. "मी बाहेरून ओरडलो, हाथ पीछे! हाथ पीछे बांधो! भाऊ, तुम्ही पण घ्या नं हात मागे."

मी हात मागे घेतले.

"असेच उभे राहिले दोघं. समोरचे पाच जण येऊन राहिले, बास्केट टाकून राहिले, हे दोघं नुसते पाहून राहिले. पब्लिक हसून राहिली. कोणी म्हणे, हँड्स अप करवा लो. टायरवाल्याला एवढा राग आला होता, त्याच्या डोळ्यातून पाणी येऊन राहिलं होतं, पण हात सोडले नाहीत त्याने. शिट्टी वाजेपर्यंत सोडले नाहीत."

"मग?"

"मंग काय. हरलो. किती पॉइंटने ते नका विचारू. पण दोन माणसं उभी होती कोर्टवर. क्लब वाचला. ती जागा होती म्हणून कोचिंगवाल्याने टीम घेतली, आणि त्याच जागेवर पुढे कप आला."

मी खरं सांगतो, मला त्या दिवशी गलबलून आलं. मी रजा घेतली आणि तो अध्याय दोन दिवसांत लिहून काढला. आयुष्यभर अहवाल लिहिले, पण मनापासून लिहिलेलं असं ते एकच. काकांनी वाचला, एकही दुरुस्ती सुचवली नाही, आणि म्हणाले, "हा एवढा आला पुस्तकात, तर बाकीचं तुम्हाला हवं ते काढा." त्यांनी जुन्या फोटोंचं एक पाकीटही ऑफिसात नेऊन दिलं. कुठल्याही फोटोमागे काही लिहिलेलं नव्हतं. ज्याला माहीत आहे त्याला दिसेल, असा त्यांचा खाक्या.

अध्याय गेला. आधी अर्धा झाला, मग एक परिच्छेद राहिला, मग "आव्हानांच्या काळातून जात" असे तीन शब्द, मग तेही नकोत म्हणून ब्रँडवाल्या मुलीचा निरोप आला. "सर, झीरो विन्स वाला सीज़न कौन पढ़ेगा? मालिक का कहना है, स्टोरी विनिंग होनी चाहिए." मी भांडलो. मला भांडता येतं, पण इंग्रजीत भांडताना माझा आवाज फार सभ्य होतो. काका स्वतः जाऊन बिल्डरसमोर बसले. त्याने त्यांना बदामाचं दूध पाजलं, पाया पडला आणि काही बदललं नाही. इतिहासात ट्रॅक्टरवाल्यानंतर एकदम कोचिंगवाला आला. मधलं वर्ष कॅलेंडरमधूनच गेलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी छपाईआधीची पानं माझ्याकडे तपासायला आली. लीग जिंकल्याचा अध्याय उघडला, आणि मी खुर्चीतून उठलोच. दोन पानं भरून एक फोटो छापला होता. निळ्या जर्सीतली सहा माणसं, घामाने निथळलेली, एकमेकांच्या गळ्यात पडून तोंड फाडून हसणारी. एक जण तर फरशीवर बसून हसत होता, त्याच्या घोट्याला पट्टी. फोटोवर ठळक अक्षरांत, चॅम्पियन्स.

हे आमचे चॅम्पियन नव्हते. ही ती हरलेली टीम होती, त्या शेवटच्या सामन्यानंतरची. जर्सीचा रंग क्लबचा नेहमीचा निळाच, चिन्ह कोणतंच नाही. डिझायनर मुलगा मोहालीचा, विशी-बाविशीचा, त्याने पाकिटातले सगळे फोटो पुढ्यात मांडले असतील आणि जिंकलेली टीम शोधली असेल. एवढा आनंद कप जिंकल्याशिवाय कोणाला होईल, असं त्याला वाटलं असणार. खऱ्या जिंकलेल्या टीमचा फोटो मी पाहिला होता. त्यात कोचिंगवाला मधोमध कप घेऊन, त्याची बायको, साडू, दोन मंत्री की कोण, आणि मागे खेळाडूंच्या माना. प्रमुख पाहुण्यांची तासभर वाट पाहून सगळे कंटाळलेले. त्या पोराने तो फोटो बाजूला टाकला, यात त्याचं काय चुकलं?

मी पानं घेऊन धावत काकांकडे गेलो. "काका, बघा! त्यांनी दारातून हाकललं आणि ही माणसं खिडकीतून आत आली. थेट पहिल्या मानाच्या जागी. कोणाला कळलेलं नाही. आपण गप्प बसायचं, बस्स."

काकांनी चष्मा लावला. फोटोवरून बोट फिरवलं, एकेकावर थांबून. मग म्हणाले, "राहू द्या माझ्याकडे दोन दिवस." मी मोठ्या खुशीत घरी आलो. बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं. तीसुद्धा म्हणाली, "सो कूल यार."

दोन-तीन दिवसांनी काका आले. कपांना हात लावला नाही. सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "फोटो बदलायला सांगा."

"काय?"

"चुकीचा आहे. जिंकलेल्या टीमचा लावायला सांगा."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "काका, अहो, त्यांचा अख्खा सीझन कापला. एक ओळ ठेवली नाही. आता हा एक फोटो उरलाय. राहू द्या ना. कोणाला कळणार आहे?"

"ते जिंकले नव्हते."

"मला माहीत आहे जिंकले नव्हते! माझे हात मागे बांधून तुम्हीच सांगितलंत. पण तुम्हाला ही माणसं पुस्तकात हवीत की नकोत?"

"पाह्यजेत."

"मग?"

"अशी नाही." ते सतरंजीकडे बघत होते.

इतक्या महिन्यांचा सगळा वैताग माझ्या तोंडाशी आला. मी म्हणालो, तुमच्या या खरेपणाचा मला कंटाळा आला आहे. हीटरकडे तोंड काय, रिंगचं माप काय, कोणाला पडलंय त्याचं? म्हणालो, तुमच्यापेक्षा तो बिल्डर परवडला, त्याला निदान ही माणसं कोण हे ठाऊक नाही, तुम्ही तर एकेकाला ओळखून बाहेर काढताय. बायको आतून आली आणि मला "अहो, पुरे" म्हणाली, तरी मी थांबलो नाही. एरवी शब्दाला शब्द देणारा हा माणूस. त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि गेले.

मी फोटो बदलायला सांगणार नव्हतो, सांगितलंही नाही. ते स्वतःच रिक्षा करून ऑफिसात गेले आणि काम करून आले. ब्रँडवाल्या मुलीचा मला फोन आला, "थँक गॉड अंकल ने पकड़ लिया." पुस्तक छापून आलं तेव्हा त्या दोन पानांवर कोचिंगवाला, बायको, साडू आणि माना होत्या. सहा माणसं गेली ती गेलीच.

उद्घाटनाला मी गेलो, काकाही आले होते. हॉल छान आहे, खुर्च्या मऊ आहेत. पडद्यावर सिंह डरकाळ्या फोडत होता. निवेदकाने क्लबचा प्रवास सांगितला, त्यात मधलं वर्ष नव्हतं हे सांगायला नको. काकांनी मांडीवर पुस्तक उघडलं, तो फोटो पाहिला आणि बंद केलं. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. ते म्हणाले, "जेवण कुठे आहे हो?" मी दुसरीकडे जाऊन बसलो.

त्यानंतर आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं, पण वरवरचं. आलं महागलं, काकूंचे गुडघे, धुकं. फोटोचा विषय दोघांनीही काढला नाही. मला मनातून वाटायचं, एकदा तरी हा माणूस म्हणेल की चुकलंच. ते कधी म्हणाले नाहीत. आमच्या घरी कप टीपॉयवरच राहायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. सकाळी दूध आणायला निघाले होते, फाटकापाशी बसले ते उठले नाहीत. काकूंनी पहिला फोन मला केला.

पंचवीस सेक्टरच्या स्मशानात क्लबकडून एक पुष्पचक्र आलं होतं, सिंहाच्या चित्राचं. जिंकलेल्या टीममधला एक जण आला होता. आणि मग धुक्यातून ती माणसं यायला लागली. पोटं सुटलेली, दाढ्या पिकलेल्या, पण मी एकेकाला लगेच ओळखलं, तो फोटो मी इतका पाहिला होता. सगळे सहा फुटांच्या वरचे. त्यांनी खांदा दिला. मीही पुढे झालो, पण तिरडी एवढी उंच गेली की माझा खांदा तिथवर पोचेना. मी हात वर करून नुसता बांबूला लावला आणि टाचा उंचावत सोबत चाललो.

अग्नी दिल्यावर आम्ही बाहेरच्या नळावर हात धुवायला थांबलो. पीटी मास्तर माझ्याशेजारी आला. "आप ही किताब वाले सर हो न जी?"

माझा राग अजून होता. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण होता. मी म्हणालो, "हां. आपका पूरा सीज़न काट दिया उन्होंने. एक फोटो बची थी, गलती से. वो इन्होंने हटवा दी."

मास्तर हात झटकत थांबला. "ना जी. सर ने नहीं हटवाई. हमने हटवाई."

"मतलब?"

"सर का फोन आया था. सबको किया था, एक-एक को. बोले, पुत्तर, गलती से तुम लोग चैंपियन छप गए हो, मैं चुप बैठ जाऊँ? मैं तो हैरान. सारी उमर सर ने एक पॉइंट इधर का उधर नहीं लिखने दिया." तो थोडा हसला. "मैंने कहा, ना सर. मेरे स्कूल के बच्चे देखेंगे, पूछेंगे फाइनल में क्या किया. क्या बताऊँगा? उस दिन हम जो करके आए थे, वो तो फिर किसी को बता ही नहीं पाऊँगा. बाकी सबने भी यही कहा. सर ने बड़ा ज़ोर लगाया जी. कहते, फिर सोच लो, रहने देते हैं, दुबारा मौका नहीं आना." त्याने रुमालाने हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "आपको बताया नहीं सर ने?"

"नाही," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो, पण त्याला कळलं.

मी मागे वळून पाहिलं. आत धूर आणि धुकं एकत्र झालं होतं. मी त्या दिवशी सोफ्यासमोर उभा राहून काय काय बोललो होतो, आणि हे काका चहा पीत ऐकत बसले होते. एक वाक्य. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मला त्यांचा इतका राग आला, इतका, की तिथल्या तिथे त्यांच्याशी भांडावंसं वाटलं, आणि मास्तर माझ्या पाठीवर आपला भला मोठा हात ठेवून नुसता उभा राहिला.